एका फलाटावर दोन पोलीस कशाला?

प्रश्न : गोंदिया स्टेशनावर आरपीएफचे जवान दिसतात आणि लोहमार्ग पोलीसही. दोघेही खाकीत. मग दोन-दोन पोलीस कशासाठी? यांचा वरचा साहेब तरी एकच असतो का? – एक वाचक, आमगाव

उत्तर : साहेब एक नाही, सरकारही एक नाही.

आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा बल. ते केंद्राचं, पण गृह मंत्रालयाचं नव्हे, रेल्वे मंत्रालयाचं. महासंचालक दिल्लीत बसतात. आपली रेल्वे दक्षिण पूर्व मध्य, म्हणून झोनचे प्रधान मुख्य सुरक्षा आयुक्त बिलासपूरला. त्यांच्या हाताखाली नागपूर विभागाचे सुरक्षा आयुक्त आणि मग स्टेशनावरची पोस्ट, तिचा प्रमुख निरीक्षक. लोहमार्ग पोलिसांची शिडी मात्र गोंदियाहून नागपूरच्या लोहमार्ग पोलीस अधीक्षकांकडे आणि तिथून मुंबईला, राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे जाते. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक या शिडीत कुठेच नाहीत.

हा घोळ घटनेतच आहे. सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राकडे आहे, पोलीस राज्याकडे. राज्यसूचीतल्या दुसऱ्या नोंदीत ‘रेल्वे व ग्राम पोलीस धरून’ असं स्पष्टच लिहिलंय. म्हणजे तुमच्या गावचा पोलीस पाटील आणि फलाटावरचा लोहमार्ग हवालदार घटनेच्या एकाच ओळीत बसतात! आरपीएफचं मूळ वेगळं. रेल्वेच्या मालाची राखण करणारं ‘वॉच अँड वॉर्ड’ खातं ही त्याची सुरुवात. 1957 मध्ये त्याला स्वतंत्र कायदा मिळाला, 1966 मध्ये रेल्वेच्या चोरीला गेलेल्या मालमत्तेच्या चौकशीचे अधिकार आले, 1985 मध्ये ते संघराज्याचं सशस्त्र दल झालं. विनाकारण साखळी ओढणारा किंवा तिकिटांचा काळाबाजार करणारा दलाल त्यांच्या हाती लागतो. पण खिसा कापला, बॅग पळवली, खून पडला, की तपास लोहमार्ग पोलिसांचाच. गंमत म्हणजे त्यांचा निम्मा खर्च रेल्वेच उचलते.

आपल्या जिल्ह्यात हा फरक चालत्या गाडीतून कळतो. सालेकसा, दरेकसा मागे पडलं की बोरतलाव येतं, छत्तीसगड लागतं आणि लोहमार्ग पोलिसांचं राज्य बदलतं. आरपीएफचं काहीच बदलत नाही, कारण रेल्वेचा नागपूर विभाग डोंगरगडच्याही पुढे जातो. बालाघाटकडे निघालात तरी तेच. तिथे फक्त छत्तीसगडऐवजी मध्य प्रदेश.

ही विभागणी प्रवाशाने पाठ करावी अशी अपेक्षाच चुकीची आहे, असं आम्हाला वाटतं. चालत्या गाडीत काही घडलं तर 139 लावा. फिर्याद देताना ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परतू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. हीच ‘झिरो एफआयआर’. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.