पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याची रीत

शाळेतील संगणक बिघडला, म्हणजे काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीतील दोन ओळींचा निरोप, एवढेच काय ते समोर उरते. अशा वेळी तालुक्याच्या गावाहून दुरुस्ती करणारा बोलावला जातो आणि तो बहुधा एकच उपाय सांगतो : हार्ड डिस्क पुसावयाची व सर्व काही नव्याने भरावयाचे. संगणक त्याने सुरू होतो खरा. परंतु मागील कित्येक वर्षांची निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, पोषण आहाराचे हिशेब आणि मुलांनी स्वतः टंकलिखित केलेले निबंध त्याबरोबर नाहीसे होतात. वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगी डिस्कवरील मजकुरास कसलाही धक्का लागलेला नसतो. बिघडलेली असते ती संगणकास चालविणारी प्रणाली, म्हणजे बहुतेक शाळांत विंडोज. ही प्रणाली बाजूस ठेवून दुसरी एखादी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालविता आली, तर मजकूर सुखरूप बाहेर काढता येतो. याकरिता अभियंता असण्याची आवश्यकता नाही. थोडा धीर, एक रिकामा पेनड्राइव्ह आणि चालू स्थितीतील दुसरा एखादा संगणक, एवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम संगणक सुरू होताना काय घडते, हे समजून घेणे इष्ट होय. शाळा उघडण्याच्या वेळी जसे आधी कुलूप निघते, घंटा होते, हजेरी लागते आणि मगच अध्यापनास आरंभ होतो, तसाच संगणकाचाही परिपाठ ठरलेला असतो. कळ दाबताच मुख्य पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला कार्यक्रम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात. अलीकडील यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, तरी बोलताना दोहोंनाही बायोसच म्हणण्याचा प्रघात आहे. हा कार्यक्रम मेमरी, कळफलक, डिस्क इत्यादींची हजेरी घेतो. नंतर तो आपल्याजवळील एका यादीत पाहतो. मुख्याध्यापक रजेवर असता कार्यभार कोणाकडे, तेही नसल्यास कोणाकडे, असा क्रम जसा ठरलेला असतो, तशीच ही यादी असते. यादीत पहिले नाव हार्ड डिस्कचे असेल, तर कार्यभार तिच्याकडे जातो. पेनड्राइव्हचे नाव वर आणले, तर तो त्याच्याकडे जातो. सारी रीत या एका गोष्टीत सामावलेली आहे.

(या क्रियेस ‘बूट होणे’ का म्हणतात, असे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारील. बुटाच्या मागील पट्ट्याला धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. आपला कार्यक्रम आपणच मेमरीत आणणाऱ्या यंत्रास तो शब्द चिकटला.)

आता पेनड्राइव्ह तयार करण्याविषयी. तो निदान ८ जीबीचा असावा आणि त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार आहे, हे ध्यानात ठेवूनच हाती घ्यावा. त्यावर भरावयाची प्रणाली विनामूल्य मिळणारी असावी. लिनक्स मिंट वा उबंटू या दोन्ही प्रणाली शाळेच्या कामास योग्य आहेत. मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती हलकी असल्याने जुन्या यंत्रास विशेष मानवते. मिंटला किमान २ जीबी मेमरी लागते, मात्र ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. या प्रणाली त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाच्या एकाच मोठ्या फाइलच्या रूपाने उतरवून घ्याव्यात.

येथे एक चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. ती आयएसओ फाइल उचलून पेनड्राइव्हवर नुसती ठेवली जाते, आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पुस्तकाचे बंद पार्सल वर्गात नेऊन ठेवल्याने धडा होत नाही, त्यातलाच हा प्रकार. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या विनामूल्य साधनाने ती फाइल पेनड्राइव्हवर उलगडून लिहावी लागते. रूफसमध्ये विभागणीची पद्धत विचारली जाते. तेथे एमबीआर निवडल्यास लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआयवरही चालतो. जीपीटी निवडल्यास तो केवळ यूईएफआयवर चालतो. शाळेतील यंत्र कोणत्या पिढीचे आहे याची खात्री नसेल, तर एमबीआर बरे. लिहिण्याची आज्ञा देण्यापूर्वी यादीतून पेनड्राइव्हच निवडला आहे ना, हे नाव आणि आकार पाहून दोनदा ताडून घ्यावे. शेजारी दुसरी बाह्य डिस्क जोडलेली असेल, तर ती आधी काढून ठेवणे शहाणपणाचे.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावर तो बंद असलेल्या संगणकास लावावा, शक्यतो मागील बाजूच्या छिद्रात. पुढील बाजूची छिद्रे आतून तारेने जोडलेली असतात व ती तार पुष्कळदा सैल असते. काही जुन्या यंत्रांत निळ्या रंगाचे यूएसबी ३ चे छिद्र आरंभीच्या क्षणी ओळखले जात नाही. तेथे काळे छिद्र वापरावे. मग कळ दाबून लगेच बूट मेनूचे बटण थांबून थांबून अनेकदा दाबीत राहावे. हे बटण प्रत्येक कंपनीचे निराळे. डेल, एसर आणि लेनोव्हो यांच्या बहुतेक यंत्रांवर एफ १२, एचपीवर एफ ९ किंवा आधी एस्केप, आणि जुळवून घेतलेल्या यंत्रांत मदरबोर्ड असूसचा असल्यास एफ ८, गिगाबाइटचा असल्यास एफ १२, एमएसआयचा असल्यास एफ ११. पहिल्या पडद्याच्या तळाशी ते बहुधा छापून येतेच. मेनू उघडला की बाणाच्या कळांनी पेनड्राइव्हचे नाव निवडून एंटर दाबावे. या मेनूची निवड केवळ त्या एका वेळेपुरती असते, कायमचा क्रम बदलत नाही. म्हणून बायोसच्या आत शिरून यादी बदलण्यापेक्षा हीच वाट अधिक सुरक्षित होय.

तरीही पेनड्राइव्हचे नाव दिसत नसेल तर? येथे बरेच शिक्षक हात टेकतात. वास्तविक कारणे मोजकीच असतात. विंडोज थोडेबहुत चालत असेल, तर ‘शट डाउन’ केल्याने ते पुरते बंद होत नाही, अर्धवट निजते. याऐवजी शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ म्हणावे. बायोसमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असल्यास हजेरी घाईने उरकली जाते व यूएसबी साधने वगळली जातात. ते बंद करावे. सन २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासूनच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. ओळखीची सही नसलेली प्रणाली तो आत सोडीत नाही. उबंटू व मिंट यांच्याजवळ ती सही असते, त्यामुळे त्यास सहसा हात लावावा लागत नाही. तो बंद करण्याची वेळ आलीच, तर डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. असल्यास विंडोज पुढील वेळी ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती जवळ नसेल तर मजकूर कायमचा अंतरतो.

बायोसमधील काहीही बदलण्यापूर्वी त्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. विशेषतः ‘लेगसी’ आणि ‘यूईएफआय’ यांत अदलाबदल केली असेल, तर काम झाल्यावर ती पूर्ववत करावी. अन्यथा धडधाकट विंडोजही सुरू होत नाही आणि दोष पेनड्राइव्हच्या माथी येतो. डिस्क जोडणीच्या पद्धतीला, म्हणजे एएचसीआय वगैरे शब्दांना, मुळीच स्पर्श करू नये.

मिंट सुरू झाले, की समोर विंडोजसारखाच पडदा येतो. तो संपूर्ण पेनड्राइव्हवरून व मेमरीतून चाललेला असतो. हार्ड डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही. पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असे चिन्ह दिसेल, त्यास अद्याप हात लावू नये. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूस जुनी डिस्क दिसते. ती उघडून ‘यूजर्स’ या फोल्डरातील मजकूर दुसऱ्या पेनड्राइव्हवर वा बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावा. डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडली, तरी चिंता नाही. उतरवून घेण्यास तेवढे पुरते. डिस्कमधून टिक्-टिक् असा आवाज येत असेल, तर मात्र ती स्वतःच मरणपंथास लागली आहे असे समजावे. अशा वेळी पुनःपुन्हा यंत्र सुरू करण्याचा प्रयोग न करता आधी निकालपत्रके, मग हिशेब, आणि छायाचित्रे सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

या सर्व व्यवहारात विंडोजचा पासवर्ड कोठेही लागला नाही, हे सूक्ष्म वाचकाच्या ध्यानात आले असेल. जी सोय शिक्षकास, तीच पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या परक्यासही आहे. मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक ज्या यंत्रावर आहेत, ते यंत्र कुलपाच्या खोलीत असावे, आणि बायोसला पासवर्ड घालून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात लिहून ठेवावा.

मजकूर हाती आल्यावर यंत्राचे पुढे काय करावे, हा निर्णय शाळेचा. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते. ती पुष्कळशा जुन्या यंत्रांत नाही. अशी यंत्रे निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी त्यांवर मिंट चालवून पाहावे. देवनागरी लेखन, हिशेबाची पाने व महाजालावरील पोर्टले यांस ते उत्तम पुरते. चार-आठ दिवस पेनड्राइव्हवरूनच वापरून, ध्वनी, छपाईयंत्र आणि जाळ्याची जोडणी नीट चालते असे दिसल्यावर मगच ते डिस्कवर बसवावे.

अखेर एक किरकोळ वाटणारी गोष्ट. दररोज सकाळी संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसत असेल आणि बदललेला क्रम पुन्हा पूर्वीसारखा होत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. यंत्राची वीज काढून, जुनी बॅटरी ज्या बाजूने वर होती त्याच बाजूने नवी बसवावी व तारीख लावून द्यावी. तारीख चुकीची राहिल्यास पोर्टलही उघडत नाही, आणि त्याचा दोष निष्कारण नेटवर्कला दिला जातो.