ट्रॉलीला रंग देण्यापूर्वी : जुने स्टिकर आणि त्याखालचा चिकटा



गळीत हंगाम आटोपला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या दारात उभ्या राहतात. एप्रिल-मे महिन्यात वाहतूकदार सभासद त्यांना रंग देण्याचे काम काढतात. काढावेच, कारण पावसाळ्याआधी पत्रा झाकला नाही तर गंज धरतो. परंतु बहुतेक ठिकाणी आमच्या पाहण्यात असे येते की जुने स्टिकर, कारखान्याचे मागील वर्षांचे नंबर आणि चमकणाऱ्या लाल-पिवळ्या पट्ट्या तशाच ठेवून वरून ब्रश फिरवला जातो. "झाकून जातंय की," असे उत्तर मिळते. झाकले जाते खरे, पण पहिल्या पावसात त्या जागेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. आणि पट्टी रंगाखाली गेली तर त्याहून वाईट होते.

गेल्या हंगामात रात्री अकराच्या सुमारास आम्ही न्हावऱ्याहून चौफुल्याकडे मोटारसायकलवर येत होतो. पारगावच्या अलीकडे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा होता. मागच्या फाळक्याच्या पट्ट्यांवर लाल ऑईल पेंट मारलेला. अगदी जवळ गेल्यावर उसाची वाडी दिसली, म्हणून वाचलो. चालक भला माणूस, दगड लावून चाक खोलत बसला होता. पट्ट्या रंगवल्याचे त्याच्या ध्यानातही नव्हते. पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा लोलक असतात. ते समोरून आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. वर रंगाचा एक हात बसला की ते आंधळे झाले.

तेव्हा आधी सगळे काढायचे, मग रंग. सुरुवातीला कोणते स्टिकर कोठे आहे ते वहीत लिहून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा. पीटीओ शाफ्टजवळची धोक्याची सूचना काढली तर नवी लावावीच लागेल. चेसीवर ठोकलेला नंबर घासू नका आणि त्यात लांबीही भरू नका. पासिंगच्या वेळी तो वाचता आला पाहिजे.

स्टिकर काढायला दौंड-शिरूरचे ऊन हेच आपले पहिले हत्यार, आणि ते फुकट आहे. दुपारी पत्रा तापला की खालचा गोंद मऊ होतो. कोपरा नखाने उचला व स्टिकर उलटा दुमडून, पत्र्यालगत धरून, सावकाश ओढा. हिसका दिला की वरचा कागद हातात आणि गोंद पत्र्यावर. जुने स्टिकर वाळून ठिसूळ झाले असेल तर गरम पाण्यात भिजवलेले पोते पंधरा मिनिटे दाबून ठेवा. चमकत्या पट्ट्या हट्टी असतात. त्यांचा वरचा थर निघतो व खालचा रुपेरी थर राहतो. तेथे घाई चालत नाही. ब्लो लॅम्पने जाळण्याचा उद्योग मात्र करू नका. शेजारी डिझेलची टाकी, हायड्रॉलिकचे पाईप आणि टायर असतात.

खरवडायला खुरपे नको, पत्र्यावर ओरखडे पडतात. जाड प्लास्टिक झाकणाचा तुकडा पुरतो. चिकटा तसाच ठेवून पॉलिश पेपर मारू नका. पेपर भरून जातो आणि गोंद आणखी पसरतो.

ज्वारीवरचा मावा-चिकटा आपणास ठाऊक आहे. हा चिकटाही तसाच, नुसत्या पाण्याने जात नाही. त्यावर टर्पेंटाईन, डिझेल किंवा घरचे गोडेतेल लावा, वर खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा चिकटवा आणि वीस मिनिटे थांबा. मग गोंद गोळ्या होऊन निघतो. थिनर लवकर काम करतो, पण फायबरच्या बॉनेटवर किंवा प्लास्टिकवर तो वापरू नये, पृष्ठभाग विरघळतो. ही कामे मोकळ्या हवेत करावीत, आणि विडी-काडी दूर ठेवावी.

येथपर्यंत पुष्कळजण येतात आणि येथेच चुकतात. गोंद गेला, पण तेल राहिले. तेलावर रंग धरत नाही, जागोजाग डोळे पडतात. म्हणून धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने घासून धुवा, वाळू द्या, मग पत्र्यावर थिनरचे स्वच्छ फडके फिरवून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. फडक्याची बाजू बदलत राहा, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे जाते. परीक्षा सोपी आहे. तांब्याभर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखे पसरले तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटले तर तेल बाकी आहे, पुन्हा धुवा.

त्यानंतर १८० वा २२० नंबरचा पेपर. स्टिकरच्या जागी जुन्या रंगाची कड राहते, ती डोळे मिटून बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासा. नाहीतर नव्या रंगातून जुने अक्षर वाचता येते! जुन्या ट्रॅक्टरच्या रंगात शिसे असू शकते. १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली ती घरगुती व सजावटीच्या रंगांना, यंत्रांच्या रंगांना नव्हे. म्हणून पाणी लावून घासा, तोंडाला मास्क बांधा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका आणि तो गाळ गोठ्याकडे वाहू देऊ नका. उघडा पडलेला पत्रा रातभर ठेवू नये. पूर्ण वाळवून त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्यावा.

रंग झाल्यावर नव्या पट्ट्या लगेच लावू नका. वरून सुकलेला ऑईल पेंट आतून ओलाच असतो, पट्टीखाली फुगे येतात. आठवडाभर दम धरा. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, आणि दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना. फाळक्यावर लावताना लोंबणारा ऊस ध्यानात घ्या. भरलेल्या ट्रॉलीची वाडी खाली येते आणि पट्टी झाकते. पहिली खेप भरली की रात्री शंभर पावले मागे जाऊन मोटारसायकलचा दिवा टाकून पाहा. दिसली नाही तर पट्टी खाली, चेसीच्या आडव्या पट्टीवर घ्या आणि दर खेपेला चिखल पुसा.