खंजिरीचा बोल

दिवस मावळला, बैल गोठ्यात बांधले, भाकरी खाऊन झाली, की वऱ्हाडातील गावकरी मारुतीच्या पारावर जमत आणि टाळांच्या नादात भजन सुरू होई. अमरावती-अकोल्याकडील खेड्यांची ही जुनी रीत. दिवसभर कपाशीच्या शेतात राबलेल्या देहाला त्या भजनाने विसावा मिळे. याच भजनाच्या वाटेने एक गरीब मुलगा पुढे देशभर जाऊन पोहोचला. त्याचे नाव माणिक.

माणिकचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडील बंडोजी शिंपीकाम करीत. घरी दारिद्र्य इतके, की दोन वेळच्या अन्नाचीही विवंचना असे. आई मंजुळाबाई यांनी मोठ्या कष्टाने संसार रेटला. माणिकचे प्राथमिक शिक्षणही पुरते झाले नाही; पाटीवरील अक्षरांपेक्षा देवळातील भजनाकडे त्याचे मन अधिक ओढ घेई. ऐकलेले पद तो चटकन उचलीत असे आणि ऐकता ऐकता स्वतःच नवी पदे रचू लागे.

वरखेडचे आडकोजी महाराज हे माणिकचे गुरू. त्यांनीच त्याला ‘तुकड्या’ म्हणून हाक मारली, आणि तेच नाव पुढे कायम झाले. तुकडा म्हणजे भाकरीचा लहानसा अंश. एखाद्याला असे नाव हिणकस वाटले असते. पण माणिकने ते आनंदाने स्वीकारले. पुढे रचलेल्या पदांच्या अखेरीस त्याने स्वतःला ‘तुकड्यादास’ म्हणवून घेतले. लोक मात्र त्याला आदराने तुकडोजी महाराज म्हणू लागले.

तारुण्यात पाऊल टाकण्यापूर्वीच तुकडोजींनी घर सोडले. रामदिघी, सालबर्डी अशा रानावनांत त्यांनी काही काळ एकांतात घालविला. रानातून ते पुन्हा लोकांत आले तेव्हा त्यांच्या हातात एकच वस्तू होती, ती म्हणजे खंजिरी. लाकडाचे एक लहान कडे, त्याच्या एका बाजूस ताणून बसविलेले चामडे आणि कड्याच्या खाचांत बसविलेल्या पितळी चकत्या, एवढाच या वाद्याचा थाट. एका हाती धरावे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावे आणि चालता चालता गावे. ती वाजविण्यास ना मोठी बैठक लागते, ना साथीदारांचा ताफा.

या साध्या वाद्यामुळे तुकडोजींना मोठे स्वातंत्र्य लाभले. त्यांचे शब्द त्यांचे स्वतःचे, चाल त्यांची स्वतःची, आणि वाद्यही त्यांच्याच हातातले. कोणा श्रीमंताच्या मर्जीवर त्यांचे गाणे अवलंबून नव्हते. ज्या गावी लोक बोलावीत, तेथे ते जात. उघड्या मैदानात भजन होई. मराठीबरोबर हिंदीतही ते पदे रचीत. शब्द असे, की निरक्षर शेतकऱ्यालाही अर्थ विचारावा लागू नये. राजवाड्यातील ऐश्वर्यापेक्षा झोपडीतील समाधान मोठे, हे सांगणारे त्यांचे एक गीत महाराष्ट्रात आजही घरोघरी गाइले जाते.

सन १९३५ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी येथे त्यांनी महायज्ञ केला. त्यास लक्षावधी माणसे लोटली. त्याच वर्षी अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पुढील वर्षी महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. तेथील वास्तव्यानंतर त्यांच्या भजनांत स्वदेशी, ग्रामसफाई आणि अस्पृश्यतानिवारण हे विषय अधिकाधिक येऊ लागले. देवाचे नाव घेणारी खंजिरी आता देशाचेही नाव घेऊ लागली.

सन १९४२ उजाडले. ‘छोडो भारत’ची हाक देशभर दुमदुमत होती. तुकडोजी त्या दिवसांत चिमूर येथे होते. त्यांची भजने ऐकावयास पंचक्रोशीतील माणसे जमत. रस्त्यातील दगडसुद्धा शस्त्रे बनतील आणि भक्तांचीच सेना होईल, अशा आशयाचे एक आवेशपूर्ण पद ते गात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी या दोन्ही ठिकाणी लोक खवळून उठले. मिरवणुकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, कोवळी मुलेही हुतात्मा झाली. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अंमलदारही मारले गेले. तुकडोजींचे जन्मगाव यावली हेही त्याच महिन्यात पेटून उठले. तेथेही गावकऱ्यांचे रक्त सांडले, म्हणून त्या गावास आज ‘यावली शहीद’ म्हणतात.

सरकारने ओळखले, की या खंजिरीच्या बोलात बळ आहे. ऑगस्टच्या अखेरीस तुकडोजींना अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले आणि डिसेंबरमध्ये त्यांची मुक्तता झाली. ज्याच्याजवळ बंदूक नाही, सैन्य नाही, केवळ एक वाद्य आणि गळा आहे, अशा माणसाला बलाढ्य साम्राज्याने तुरुंगात टाकावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. ओठांतून सुटलेले गीत गायकाच्या मुठीत राहत नाही. ते हजारोंच्या मनांत शिरते, आणि त्या मनांतून काय उमटेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ज्याच्या गळ्यात गोडवा असतो, त्याच्या शिरावर तेवढाच भारही असतो.

तुरुंगातून बाहेर आलेल्या तुकडोजींनी हा भार अखेरपर्यंत वाहिला. गावे जागी झाली होती. आता ती उभी करावयाची होती. १९४३ साली त्यांनी ‘श्रीगुरुदेव’ हे मासिक सुरू केले. गावोगावी श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा निघाल्या. सायंकाळी सर्व जातिधर्मांच्या लोकांनी एकाच जमिनीवर, एकाच रांगेत बसून सामुदायिक प्रार्थना करावी, असा प्रघात त्यांनी पाडला. ज्या गावात पाणवठेसुद्धा निरनिराळे होते, त्या गावात एका रांगेत बसणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वऱ्हाडात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि कीर्तनातून लोकांना शहाणे करीत. एकाचा खराटा आणि दुसऱ्याची खंजिरी यांनी खेड्यांची अवकळा दूर करण्याचा ध्यास घेतला.

तुकडोजींच्या सर्व विचारांचे सार ‘ग्रामगीता’ या ग्रंथात आहे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे ४१ अध्याय असून त्यांत ४६७५ ओव्या आहेत. गावचे आरोग्य, शिक्षण, स्त्रियांची उन्नती, श्रमाची प्रतिष्ठा असे विषय त्यांत सोप्या मराठीत मांडले आहेत. त्याच वर्षी जपानमध्ये भरलेल्या जागतिक धर्मपरिषदेस ते गेले. परमुलखातही त्यांनी खंजिरी हाती घेऊनच भजन म्हटले. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले. भाकरीच्या तुकड्याचे नाव धारण करणाऱ्याला राष्ट्राने आपले म्हटले.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज येथे राष्ट्रसंतांचे निधन झाले. शाळेची पायरी पुरती न चढलेल्या या कवीचे नाव २००५ साली नागपूर विद्यापीठास देण्यात आले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीस हजारो माणसे मोझरीस जमतात. भजने थांबतात, टाळ आणि खंजिऱ्या मुक्या होतात आणि सारा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. जन्मभर गात राहिलेल्या गायकाला त्याच्या माणसांनी वाहिलेले ते मौन फार बोलके असते. मग पुन्हा कोठेतरी एखाद्या मुलाच्या हातातील खंजिरी वाजू लागते.

स्वाध्याय

१. ‘तुकड्या’ हे नाव माणिकने का स्वीकारले असावे?
२. खंजिरी या वाद्याचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
३. ‘ज्याच्या गळ्यात गोडवा असतो, त्याच्या शिरावर तेवढाच भारही असतो’ या वाक्याचा अर्थ १९४२ मधील घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
४. सामुदायिक प्रार्थनेमुळे गावात कोणता बदल घडून आला असेल?
५. तुमच्या गावातील एखाद्या भजनकऱ्यास भेटा. तो कोणते वाद्य वाजवितो, ते कसे बनते, याची माहिती विचारून दहा ओळींत लिहा.