व्हीआर चष्म्याने भीती जाते का?

प्रश्न : अकरावीतली माझी मुलगी बसच्या अपघातातून वाचली. तेव्हापासून बसमध्ये चढत नाही, रात्री दचकून उठते. व्हीआर चष्म्याने ही भीती जाते म्हणतात. करून पाहावं का?
– एक आई, उज्जैन

उत्तर : ताई, नुसत्या चष्म्याने भीती जात नाही. व्हीआर म्हणजे आभासी वास्तव; त्याच्या चष्म्यातून भीतीचा प्रसंग टप्प्याटप्प्याने दाखवण्याची पद्धत अमेरिकेत १९९०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम यांनी व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठी वापरली. तुमच्या मुलीसारख्या बाबतीत तज्ज्ञ शेजारी बसून चष्म्यातून आधी उभी बस दाखवतो, मग चालती, मग हॉर्नचा आवाज. प्रत्येक टप्प्यावर घालमेल ओसरेपर्यंत थांबतो. मुलगी नको म्हणाली की लगेच बंद. घरी मोबाइलवर अपघाताचे व्हिडिओ मात्र कृपा करून दाखवू नका, त्याने जखम चिघळते.

मुलांच्या बाबतीत व्हीआरचा पुरावा अजून तोकडा आहे. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणुकीवर काम करणारी मानसोपचार पद्धत) हा उपचार मुलांवर नीट तपासलेला आहे. माझ्या मते सुरुवात तिथूनच करा. पुढे तज्ज्ञाच्या सल्ल्याने देवास गेट स्टँडवर उभ्या बसजवळ काही वेळ थांबणं हाही त्याच उपचाराचा भाग होऊ शकतो, आणि त्याला चष्मा लागत नाही.

झोप उडाली आहे, म्हणून उशीर नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. आजच फोन करा.