कामावर नवा माणूस घेताना

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ व सावंतवाडी ह्या बाजूच्या पुष्कळ घरी लहानसा धंदा चालतो. कोणाचा काजूगराचा कारखाना आहे, कोणाची खाणावळ, कोणाची मच्छीमारीची होडी. कोणी पर्यटकांस घरी उतरवून घेतो. अशा धंद्यात चार-सहा माणसे राबतात. मोठ्या कंपनीत एखादा माणूस वाईट निघाला तरी तो शेकड्यांत खपून जातो. पाच जणांच्या कारखान्यात तो पाचवा हिस्सा असतो, आणि त्याचे ओझे उरलेल्या चौघांवर पडते. उलट बाजूने पाहावे तर ज्या बाईस ह्या कारखान्याच्या दारातून परत पाठविले, तिला गावात बहुधा दुसरे दार नसते. तेव्हा कोणास कामावर घ्यावे व ते कशावरून ठरवावे, ह्या प्रश्नाचा विचार ह्या पाठात करू.

आपल्या किनाऱ्यावर ह्या प्रश्नाचे जुने उत्तर एका सवालात आहे. दारात कोणी आला की विचारावयाचे, "तू खंयचो? कोणाचो झील?" गाव कळले, बापाचे नाव कळले, की निकाल झाला. ह्या सवालास हसण्याचे कारण नाही. रापणीचेच उदाहरण घ्या. रापण ओढणारे लोक बहुतेक एकाच वाडीचे असतात, आणि मासळीचे वाटे आधीच ठरलेले असतात. जो दोर ओढताना अंग चोरील त्याला सारी वाडी लहानपणापासून ओळखते, त्याच्या बापासही ओळखते. बापाची अब्रू हीच मुलाची जामीनकी. अशा ठिकाणी कूळ विचारणे म्हणजे जामीन कोण हे विचारणेच होते.

परंतु आजची स्थिती पाहा. होडीवरील खलाशी नेपाळातून व परराज्यांतून येतात. आंब्याच्या बागांत राखणीस नेपाळी माणसे असतात. त्यांच्या बापाचे नाव विचारून आपणांस काय कळणार? आपल्याच तालुक्यातील तरुण आला, तरी त्याचे अर्धे घर मुंबईस असते आणि वाडीशी त्याचा संबंध गणपतीपुरता. म्हणजे जामीनकी गेली आणि सवाल मात्र राहिला. त्यात आता जे उरले आहे ते जात, नाते आणि "आपल्यातला" हा शब्द. ह्या तिहींवरून काजू फोडता येतो की नाही हे कळत नाही.

असे कूळ पाहून व शब्दावर माणूस घेण्याची रीत कोठवर जाते, हे कोकणच्या लोकांनी स्वतः भोगलेले आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मजुरांचा फार मोठा भरणा असे. (आपला सिंधुदुर्ग जिल्हा त्यातूनच १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) गिरणीत माणूस घेण्याचे काम साहेब करीत नसे, ते मुकादमाच्या हाती असे, त्यास जॉबर म्हणत, आणि बायकांच्या खात्यात नायकीण असे. मुकादम आपल्या गावचा, आपल्या नात्याचा माणूस भरी, आणि भरल्याबद्दल दस्तुरी घेई. काम टिकविण्यासाठीही त्याला खूश ठेवावे लागे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात ह्या पद्धतीवर कडक टीका केली आणि माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार मुकादमाकडून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावा असे सुचविले. पुढे १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांस कार्डे देण्याची योजना सुरू केली. तिचा एक हेतू मुकादमाची मनमानी आवरावी हा होता. मुकादमाने ओळखीचा माणूस घेतला ह्यात पाप नव्हते. ओळख हीच परीक्षा ठरली, आणि मग ओळखीची किंमत लावता आली, हे वाईट झाले. आपल्या चार माणसांच्या कारखान्यात जुनी कामवाली बाई "मी सांगेन तिलाच घ्या" असे म्हणू लागली, तर तेथेही लहानशी मुकादमी उभी राहिली असे समजावे.

मग पारख कशाने करावी? ह्या प्रश्नावर परदेशात पुष्कळ संशोधन झाले आहे. १९९८ साली अमेरिकेतील श्मिट व हंटर ह्या दोन विद्वानांनी ८५ वर्षांतील अभ्यास एकत्र करून, माणूस घेण्याची कोणती रीत पुढील कामाचा अंदाज किती बरोबर देते ते मोजले. अंदाज तंतोतंत जमला तर १, मुळीच जमला नाही तर ०, असे हे माप आहे. प्रत्यक्ष काम करून दाखविण्याच्या परीक्षेस त्यांच्या हिशेबाने ०.५४ आले, सर्वांस तेच प्रश्न ठरवून विचारलेल्या मुलाखतीस ०.५१, मनास येईल तशा गप्पांच्या मुलाखतीस ०.३८, "किती वर्षांचा अनुभव" ह्यास अवघे ०.१८, आणि हस्ताक्षर पाहून स्वभाव सांगण्यास ०.०२, म्हणजे काहीच नाही. २०२२ साली सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच हिशेब पुन्हा तपासले. त्यांनी बहुतेक आकडे खाली आणले, आणि ठरवून घेतलेल्या मुलाखतीस ०.४२ देऊन सर्वांच्या वर बसविले. कोणताही आकडा १ च्या जवळपास नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. "मी माणूस पाहताक्षणी ओळखतो" असे म्हणणारे धनी प्रत्येक बाजारात भेटतात. त्यांनी ओळखलेल्यांपैकी किती निघून गेले ह्याची वही मात्र ते ठेवीत नाहीत.

आता काजूच्या कारखान्याकडे वळू. कारण तेथे परीक्षा मोजून घेता येते. बी वाफवून व थंड करून हातापायांनी चालविण्याच्या यंत्रावर फोडतात, गर सुकवितात, वरची तांबूस साल काढतात आणि शेवटी आकाराप्रमाणे निवडतात. बाजारात ३२० नंबरचा गर म्हणतात, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर भरतात. २४० चा गर त्याहून मोठा व महाग. साधारणपणे चार ते साडेचार किलो बी फोडावी तेव्हा एक किलो गर हाती येतो. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा ह्यांच्या भावांत अंतर फार. म्हणून घाईचा हात दिवसभर झटपट चालताना दिसतो, आणि संध्याकाळी धन्याचे नुकसान करून ठेवतो.

नव्या बाईस तीन दिवस कामावर बसवावे. पहिल्या दिवशी काही मोजू नये. जाणत्या बाईच्या शेजारी बसवून काम दाखवावे. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पाच-पाच किलो बी तोलून द्यावी, आणि संध्याकाळी अख्खे किती, मोडलेले किती, व टरफलातच राहून गेलेला गर किती, ते तोलून वहीत लिहावे. येथे एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. बी सगळी सारखी नसते. नीट न वाळलेली किंवा कमी वाफवलेली बी कोणाच्याही हाती अधिक मोडते. म्हणून दोन उमेदवारांस एकाच पोत्यातील, एकाच वेळी वाफवलेली बी द्यावी, आणि त्याच पोत्यातील पाच किलो आपल्या जाणत्या बाईसही द्यावी. तिचा आकडा हे माप. ते नसेल तर आपण बाईची परीक्षा घेतली की पोत्याची, हे सांगता येणार नाही.

समजा एकीने दुसऱ्या दिवशी १०० पैकी ४० गर मोडले व तिसऱ्या दिवशी २५. दुसरीने दोन्ही दिवशी २२. पुष्कळ धनी दुसरीस घेतील. माझे मत असे की पहिलीस आणखी चार दिवस द्यावेत. जिचा हात एका दिवसात एवढा सुधारला तो आणखी सुधारण्याचा संभव आहे. तिला चूक दाखविल्यावर तिने काय केले, हेही पाहावे. ऐकून घेतले आणि पुन्हा तसेच केले, की थांबून "एकदा दाखवा" म्हणाली? हे तीन दिवसांत जितके कळते तितके तासभराच्या बोलण्यात कळत नाही.

टरफलातील तेल कातडीस भाजते. तेव्हा हातमोजे अथवा हातास लावावयाचे तेल धन्याने पहिल्याच दिवशी द्यावे. न देता बसविलेली बाई हात भाजून दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि धनी म्हणाला, "कामाची नव्हती", तर तो निकाल खोटा आहे.

आणि ह्या तीन दिवसांची मजुरी द्यावयाची. "आधी काम पाहतो, मग पैशाचे बोलू" असे सांगून आठ-आठ दिवस फुकट राबवून घेणे व मग नवी बाई आणणे, ही चोरी आहे; तिला दुसरे सौम्य नाव नाही. मजुरीही रोजावर द्यावी, वजनावर नव्हे. वजनावर दिली तर ती घाई करील, गर मोडतील, आणि आपण तिच्या हाताची नव्हे, तिच्या गरजेची परीक्षा घेतली असे होईल.

बोलणे मुळीच करू नये असे नाही. परंतु प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि येणाऱ्या प्रत्येकास तेच विचारावेत. "तू कष्टाळू आहेस का?" ह्यास आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. त्यापेक्षा असे विचारावे: "मागच्या ठिकाणी गिऱ्हाईक रागावले तेव्हा तू काय केलेस?" "सकाळी येण्यास अडचण पडली असा दिवस सांग. मग निरोप कसा धाडलास?" झालेली गोष्ट सांगताना माणसास तपशील द्यावे लागतात. बाईस लग्न कधी, मूल कधी, असे विचारणे सोडून द्यावे. एकाच प्रकारच्या कामावर घेताना स्त्री म्हणून भेद करण्यास १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्याने मनाई केली, आणि तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले आहे. वयाचा दाखला मात्र अवश्य पाहावा. १४ वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवता येत नाही, आणि धोक्याच्या कामावर १८ पूर्ण झाल्याखेरीज घेता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने हे कडक झाले आहे.

प्रामाणिकपणाची परीक्षा कशी घ्यावी, असे खाणावळवाले विचारतात. काही जण गल्ल्याजवळ मुद्दाम नोट टाकून ठेवतात. हे करू नये. भुकेल्या माणसापुढे सापळा मांडून जे कळते ते स्वभावाचे ज्ञान नव्हे, आणि बाकीच्या कामकऱ्यांस ते समजले की त्यांचा धन्यावरील विश्वास उडतो. त्यापेक्षा रोज रात्री गल्ला दोघांनी मोजावा, पावतीपुस्तक ठेवावे, आणि नव्या माणसाच्या हाती पहिल्या महिन्यात थोडीच रक्कम द्यावी.

आता एक शब्द आपल्या प्रचारक बंधूंस व शाळामास्तरांस. आपणांकडे लोक दाखला मागावयास येतात, आणि आपण लिहून देतो: "चाल चांगली, कष्टाळू व प्रामाणिक आहे." हे शब्द प्रत्येक दाखल्यावर असतात, म्हणून त्यांवरून वाचणाऱ्यास काहीही कळत नाही. जे स्वतः पाहिले तेवढेच लिहावे: "हा तीन वर्षे शाळेची घंटा वेळेवर देत असे", किंवा "हिने आजारी सासूचे औषधपाणी सांभाळून वर्ग चुकविला नाही." पाहिलेले काहीच नसेल तर दाखला देऊ नये, मंडळीतला आहे एवढ्यावरून तर नकोच. ज्यास खरा दाखला मिळावयाचा त्याचे मोल आपल्या खोट्या दाखल्यांनी उतरते. आणि धन्याने कागदावर न थांबता पूर्वीच्या धन्यास जाऊन एकच प्रश्न करावा: "तो परत आला तर घ्याल का?" उत्तर देण्यापूर्वी तो किती वेळ थांबतो तेही ऐकावे.

होडीचे प्रकरण निराळे आहे. यांत्रिक होड्यांची मच्छीमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. खलाशी त्या काळातच ठरवितात आणि उचल देऊन बांधून घेतात. त्याचे काम मात्र समुद्रावर गेल्यावरच दिसते. म्हणून किनाऱ्यावर जेवढे पाहता येते तेवढे पाहावे. फाटलेले जाळे सांधावयास द्यावे, गाठी मारून घ्याव्यात, पोहता येते का ते पाण्यातच पाहावे; आणि मोसम सुरू झाल्यावर पहिली फेरी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची ठेवावी. निर्णयात तांडेलाचा शब्द मोठा असावा, कारण वादळात दोर त्याच्या सांगण्यावर सुटावयाचा आहे. ओळखपत्र पाहणे हे येथे केवळ सरकारी काम नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार होडी पळवून आले होते; तेव्हापासून होडीवर कोण आहे ह्याची नोंद ठेवण्यावर सरकारचा कटाक्ष आहे. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवण्याची रीत मला पसंत नाही. वाईट खलाशी उचल घेऊन पळतो आणि चांगला खलाशी त्या पैशापायी वाईट होडीवर अडकतो.

माणूस ठेवला म्हणजे पारख संपली असे नाही. महिना भरला की त्यास बाजूस बसवून आकडे दाखवावेत, काय चांगले व काय उणे ते सांगावे, आणि त्याचे म्हणणेही ऐकावे. कित्येकदा दोष यंत्राच्या पात्यात असतो आणि बोल हातास लागतो.

ज्यास घ्यावयाचे नाही त्यास निरोप धाडू नये. समोर सांगावे, मजुरी त्याच हाताने द्यावी, आणि वहीतील आकडा दाखवावा. "बघू, कळवतो" असे म्हणून माणसास पंधरा दिवस वाट पाहावयास लावले तर तो त्या काळात दुसरीकडे जात नाही. त्याचे नाव व आकडे वहीत राहू द्यावेत. मार्चमध्ये नवी बी येऊ लागली की हात कमी पडतातच; तेव्हा पहिला निरोप त्या नावांकडे पाठवावा.