निमॅटोडवर पैसे कुठे घालावेत: पेंड, अर्क की बाटली?

डाळिंबाची पाने पिवळी पडली की आपण धावतो खताच्या दुकानात. आधी ड्रिपरखाली उकरून पांढरी मुळे पाहा. त्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमीचा (निमॅटोडचा) संशय पक्का धरा. खात्री हवी असेल तर बारीक मुळांसह ओल्या मातीचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीकेत) द्या. उन्हात ठेवला, वाळला तर सूत्रकृमी मरतात आणि अहवाल फसवा येतो.

मुख्य खर्च निंबोळी पेंडीवर करावा. हेक्टरी 2 टन म्हणजे एकरी 800 किलो. किलोला 25 रुपये धरले तर 20,000 रुपये. 300 झाडांच्या एकरात झाडाला पावणेतीन किलोच्या आत. जड जात असेल तर गाठी दिसतात त्याच ओळींना घाला, कारण हा त्रास बागेत ठिकठिकाणी असतो, सगळीकडे सारखा नसतो. भाव फारच उतरलेला दिसला तर मूठभर पेंड पाण्यात ढवळा. तळाला वाळू बसली, वासही उग्र नसला, तर पोते परत करा.

घरच्या 5 टक्के अर्काला 100 लिटर पाण्यात 5 किलो निंबोळीची भरड लागते. झाडाला 2 लिटर आळवणी धरली तर एकराला 600 लिटर पाणी आणि 30 किलो भरड. जून-जुलैत निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवल्या तर खर्च फक्त मजुरीचा. रात्रभर भिजवा, गाळा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वापरून संपवा. उन्हात त्यातला ॲझाडिरॅक्टीन हा मारक घटक टिकत नाही.

तयार निंबोळी अर्काच्या बाटलीची किंमत लिटरवर जोखू नका, पीपीएमवर जोखा. 10,000 पीपीएमच्या एका लिटरात जेवढा ॲझाडिरॅक्टीन, तेवढ्यासाठी 1,500 पीपीएमचे पावणेसात लिटर घ्यावे लागतात. नुसते ‘वनस्पती अर्क’ लिहिलेली, पीपीएम आणि नोंदणी क्रमांक नसलेली बाटली कितीही स्वस्त असो, महागच.

डाळिंबाऐवजी टोमॅटो-वांग्यात हा त्रास असेल आणि तिथे झेंडू लावला तर मुळांतून निघणारी द्रव्ये सूत्रकृमीला मारक ठरतात, आणि दसऱ्याला फुले विकून रोपांचे पैसेही निघू शकतात. मात्र झेंडू दोन-तीन महिने शेतात राहिला पाहिजे.

यातल्या कशानेही सूत्रकृमी समूळ जात नाही, संख्या आटोक्यात राहते. ‘एका आळवणीत खात्री’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून ती खात्री बॅच नंबरासह बिलावर लिहून मागा.