तिकीट फक्त पाण्याचं असतं

‘रात्रीच्या बोटीने जा, हॉटेलची एक रात्र वाचते’ हा सल्ला युरोपला निघालेल्या माणसाला हल्ली कुणी ना कुणी देतंच. आम्हाला तो देणाऱ्या एजंटाचं नाव मी इथे लिहीत नाही. राग अजून गेलेला नाही हे मात्र लपवत नाही. त्याने विकलं ते चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं, आणि अर्धवट विकलं की ग्राहकाला जाब विचारायलाही जागा उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की रात्रीच्या आंतरराष्ट्रीय बोटीचं तिकीट हे एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंतच्या पाण्याचं तिकीट असतं. तो भाग बहुतेक वेळा सुरळीत पार पडतो. माणसं अडकतात ती काठावर: सीमेवर, बंदर ते शहर या टप्प्यात, आणि सकाळी उतरल्यानंतरच्या तासांत. नियोजन या काठांचं करायचं असतं, आणि नेमकं तेच कुणी करून देत नाही. उदाहरणासाठी इंग्लंडमधल्या हार्विचहून हॉलंडमधल्या हूक ऑफ हॉलंडला जाणारी रात्रीची बोट घेऊ. लंडनला मुलगा किंवा मुलगी असलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना हमखास सुचवला जाणारा मार्ग तोच आहे.

पहिला काठ व्हिसाचा. ‘अहो, बोटच ती, विमान थोडंच आहे, बोटीवर कोण बघतं?’ हे वाक्य एजंटांच्या तोंडी इतकं बसलंय की त्यात काही खोटं आहे असं त्यांनाही वाटत नसावं. तर बोटीवर कोण बघतं, हे सांगतो. हार्विच आणि हूक यांच्यामध्ये समुद्र आहे तशी शेंगेनची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची, हद्दही आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं. भारतीय पासपोर्टवर एका बाजूला ब्रिटनचा व्हिसा लागतो, दुसऱ्या बाजूला शेंगेनचा, आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. योग्य कागद नसलेला प्रवासी ब्रिटनमध्ये आणला तर कंपनीला माणशी दोन हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे काउंटरवरची मुलगी हसून ‘गुड इव्हनिंग’ म्हणते आणि पुढच्याच क्षणी व्हिसाचं पान उलगडून दिव्याखाली धरते. ती काय वाचते? शेंगेन स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा एक छोटा रकाना असतो. तिथे ‘०१’, ‘०२’ किंवा ‘मल्ट’ असं छापलेलं असतं. ‘०१’ असेल तर पॅरिस, अॅमस्टरडॅम करून बोटीने लंडनला गेलात की तुमचा शेंगेन व्हिसा संपला, मग त्यावरची तारीख पुढच्या महिन्याची का असेना. परतीचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर ते गाठायला फ्रँकफर्टला जाणार कसे? ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद येऊ लागली आहे. ‘शिक्का पुसट उमटलाय, चालून जाईल’ ही आशाही सोडून द्यायला हवी.

यावर लगेच उत्तर येतं: ‘आमचे मेहुणे स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीच्या बोटीने गेले, कुणी पासपोर्टसुद्धा उघडला नाही.’ खरं असेल. स्वीडन आणि फिनलंड दोन्ही २००१पासून शेंगेनमध्ये आहेत. ती बोट देश बदलते, पण व्हिसाच्या दृष्टीने तुम्ही हललेलेच नसता. त्या मार्गाची तऱ्हाच निराळी आहे. बोट दुपारी उशिरा सुटते, मध्यरात्रीच्या सुमारास ऑलंड बेटांवर काही मिनिटं थांबते आणि सकाळी दहाच्या सुमारास पोचते. तो थांबा तुमच्यासाठी नसतोच. १९९९ साली युरोपीय संघाच्या आतल्या प्रवासातली करमुक्त विक्री बंद झाली, पण ऑलंड बेटं संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत. तिथे टेकून गेलं की बोटीवर स्वस्त दारू कायदेशीरपणे विकता येते. मेहुण्यांचा अनुभव खोटा नाही, तो फक्त दुसऱ्या समुद्राचा आहे. एजंट मात्र बाल्टिकचं आश्वासन नॉर्थ सीवर देतात. एक भर घालतो: पासपोर्ट उघडला नाही म्हणजे नोंद झाली नाही, असं समजू नका. १९९४च्या सप्टेंबरमध्ये तालिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ ही बोट रात्री बुडाली आणि ८५२ माणसं गेली. १९९८च्या युरोपीय निर्देशानंतर वीस सागरी मैलांहून लांबच्या फेरीत प्रत्येक प्रवाशाचं नाव नोंदवावं लागतं. तिकिटावर ‘बाळासाहेब’ आणि पासपोर्टवर ‘दत्तात्रय’ असा घोळ विमानासाठी आपण निस्तरून घेतो, तसाच तो इथेही आधी निस्तरावा.

आता त्या वाचलेल्या रात्रीचा हिशेब. हार्विचहून बोट साधारण रात्री अकराला सुटते आणि सकाळी आठला हूकला लागते. कागदावर नऊ तास दिसतात. पण हॉलंडचं घड्याळ तासभर पुढे असल्याने हातात उरतात आठ. त्यातून जेवण, खोली शोधणं, सामान लावणं आणि बोट लागण्याच्या बऱ्याच आधी सुरू होणाऱ्या घोषणा वजा करा. साठी ओलांडलेल्या माणसाला जेमतेम पाच तासांची झोप मिळते, तीही आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये, इंजिनाची घरघर उशीतून ऐकत. परतीचा प्रवास या बाबतीत बरा आहे. तिकडून बोट दहाच्या आसपास निघते आणि तोच तास आपल्या बाजूने पडतो. रात्रीच्या फेरीला केबिन घ्यावीच लागते, म्हणजे हॉटेलचे वाचलेले पैसे केबिनमध्ये गेले. सकाळी साडेआठला तुम्ही चार बॅगा घेऊन काठावर उभे, आणि शहरातलं हॉटेल दुपारी दोन-तीनच्या आधी खोली देत नाही. ‘बोटीची मजा असते’ हा आक्षेप मला मान्य आहे. डेकवरून बंदराचे दिवे मागे पडताना बघणं सुंदर असतं, त्यासाठी जरूर जा. पण मजा म्हणून विका, बचत म्हणून विकू नका.

दुसरा काठ बंदर ते शहर. इथे हार्विच-हूकची बाजू घ्यायला हवी, कारण अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. हार्विच इंटरनॅशनल स्टेशन बंदराला खेटून आहे, आणि २०१९पासून रॉटरडॅमची मेट्रो थेट हूकच्या बंदरापर्यंत येते. बाकीचे मार्ग बघा. ‘न्यूकॅसल ते अॅमस्टरडॅम’ म्हणून विकली जाणारी बोट नॉर्थ शील्ड्सहून सुटते आणि आयमाउडनला लागते. तिथून अॅमस्टरडॅम सुमारे तीस किलोमीटर. ‘हल ते रॉटरडॅम’ची बोट युरोपोर्टला लागते. ते तेलाच्या टाक्यांचं आणि क्रेनचं बंदर आहे, शहर तिथून तीस-चाळीस किलोमीटर दूर. म्हणून तिकिटावरचं शहर वाचू नका, बंदराचं नाव वाचा, ते नकाशावर शोधा आणि तिथून पुढची बस किंवा गाडी आधी ठरवा. जुन्या माहितीवरही विसंबू नका. हार्विचहून डेन्मार्कमधल्या एस्बियर्गला जाणारी बोट २०१४मध्ये बंद झाली, हलहून झीब्रुगला जाणारी २०२१पासून नाही. प्रवासवर्णनांत आणि काही एजंटांच्या डोक्यात त्या अजून चालू आहेत.

‘युरोपात प्रवाशांचे हक्क कडक असतात, बोट रद्द झाली तर कंपनी बघून घेईल’ हा शेवटचा मोठा आक्षेप. हक्क आहेत. २०१०च्या युरोपीय नियमाप्रमाणे फेरी रद्द झाली किंवा दीड तासाहून जास्त रखडली तर दुसऱ्या मार्गाने पोचवणं किंवा पैसे परत, यातलं एक निवडता येतं. आठ ते चोवीस तासांच्या फेरीला पोचायला तीन तास उशीर झाला तर तिकिटाच्या पाव रकमेची भरपाई आहे, सहा तासांहून जास्त झाला तर निम्म्याची. राहण्याचा खर्चही आहे, रात्रीला ऐंशी युरोपर्यंत, तीन रात्री. पण खराब हवामान हे कारण असेल तर राहण्याचा खर्च आणि भरपाई दोन्ही टळतात, आणि नॉर्थ सीवर हिवाळ्यात बोट रद्द होते ती बहुधा वादळानेच. शिवाय ही भरपाई बोटीच्या तिकिटाची. तुमचं दुपारचं विमान, आगाऊ भरलेली टूर, नावावर घेतलेलं म्युझियमचं तिकीट यांच्याशी तिचा संबंध नाही. बोटीतून उतरायच्या दिवशी वेळ बांधलेली एकही गोष्ट ठेवू नये, हा या लेखातला मला सगळ्यात महाग पडलेला सल्ला आहे. तक्रार दोन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. नंतर कंपनी नम्रपणे हात वर करते.

किरकोळ गोष्टी सुटायला नकोत. गाडी घेऊन गेलात तर वाटेत गाडीच्या डेकवर जाता येत नाही, औषधं आणि रात्रीचे कपडे आधीच वर घ्या. बोट लागण्याचा त्रास असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याजवळची मागा. आणि खाऊ. जानेवारी २०२१मध्ये हूकलाच डच कस्टम्सने ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरची हॅम सँडविचं काढून घेतली, ते चित्रीकरण जगभर फिरलं. आपण हसलो, पण मांसासोबत दुधाचे पदार्थही त्या नियमात येतात. लेकीने बांधून दिलेले पेढे आणि पनीर पराठे त्याच टोपलीत जातील. उलट दिशेने ब्रिटननेही एप्रिल २०२५पासून तसाच नियम लावला आहे. कोरड्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या.

एजंटाकडे जायचंच असेल तर जा, सगळे वाईट नसतात म्हणे. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या: तुमच्या व्हिसावर ही फेरी आणि परतीचा प्रवास दोन्ही होतात का, बोट नेमक्या कोणत्या बंदराला लागते, आणि ती रद्द झाली तर पुढच्या बुकिंगचं कोण बघणार. ‘काळजी करू नका, होतं सगळं’ असं तोंडी म्हणून तो लिहून द्यायचं टाळत असेल, तर तिकीट त्याच्याकडून घेऊ नका.